'किती एमएम?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी: ऑफ-रोड गाडीची स्किड प्लेट निवडताना आणि विकताना



स्किड प्लेटच्या व्हिडिओत मी पत्रा हातात धरून दाखवला, पण हिशोबाला वेळ पुरला नाही. तो हिशोब इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन जवळ घ्या, कॅल्क्युलेटर लागेल.

गॅरेज असो, फॅब्रिकेशनचं शेड असो की ॲक्सेसरीजचं दुकान, थार किंवा जिम्नी घेऊन आलेलं गिऱ्हाईक खाली वाकून बघतं आणि विचारतं, "किती एमएमची आहे?" आपलं उत्तर पण ठरलेलं असतं. "साहेब, चार एमएम, एकदम हेवी." शेजारचा म्हणतो पाच. त्याच्या पलीकडचा म्हणतो सहा. मग स्पर्धा जाडीची होते, गाडीच्या पोटाखाली पस्तीस-चाळीस किलो लोखंड लटकतं, आणि पहिल्याच दगडावर चार बोल्टपैकी दोन निघून प्लेट रस्त्यावर घासत येते. पत्रा शाबूत, ब्रॅकेट गेलेलं. गिऱ्हाईक आपल्याकडे परत येत नाही, पण त्याच्या ग्रुपवर फोटो मात्र जातो.

आता हा धंदा आपल्या भागातच का बोलायचा? कारण आपण रोडपालीत बसलोय. मुंबईतला लोखंडाचा घाऊक बाजार शहराबाहेर हलवण्यासाठी सिडकोने वसवलेलं कळंबोलीचं स्टील मार्केट आपल्या दारात आहे. पाठीमागे तळोजा एमआयडीसी, म्हणजे कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं टेम्पोच्या एका फेरीत. आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे सुरू होतो तो कळंबोलीतूनच. शनिवारी पहाटे लोणावळ्याकडे, माळशेजकडे, अलिबागकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या समोरून जातात. माल, काम आणि गिऱ्हाईक तिन्ही जवळ असणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून तर आपल्याकडचा प्रत्येक दुसरा फॅब्रिकेटर म्हणतो, "सर, एक पत्राच तर वाकवायचाय." वाकवणं सोपं आहे हो. कुठला पत्रा, कुठे, कशाला धरून, हे ठरवणं अवघड आहे.

आधी समजून घ्या, फुटतं काय

आपण ज्याला 'चेंबर' म्हणतो, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची परात, ती दोन प्रकारची असते. एक पत्र्याची दाबलेली, दुसरी ॲल्युमिनियमची ओतीव. पत्र्याचा चेंबर दगड लागला की पोचतो. वरून वाटतं की काही झालं नाही, गळती नाही, चला पुढे. पण आत ऑइल ओढून घेणाऱ्या नळीची जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ आत गेला की जाळीचं तोंड दाबलं जातं आणि पंपाला ऑइल पुरत नाही. ओतीव चेंबर पोचत नाही, तो सरळ तडकतो. ऑइल काही मिनिटांत जमिनीवर, आणि चालकाने डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघून लगेच इंजिन बंद केलं नाही तर बेअरिंग, क्रँक सगळं गेलं.

इथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगा. साध्या मोटार विम्यात आपटल्यामुळे फुटलेल्या चेंबरचे पैसे मिळू शकतात, पण ऑइल गेल्यावर गाडी तशीच चालवून इंजिन जाम झालं तर ते 'परिणामी नुकसान' धरून कंपनी नाकारू शकते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन असतं. चेंबरच्या भागापेक्षा इंजिनचा खर्च किती पट आहे हे ज्याला कळलं, तो प्लेटच्या पाचशे रुपयांवरून घासाघीस करत नाही.

चेंबरच्या मागे गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्सफर केस, मग डिझेलची टाकी. कंपनीकडून इंजिनखाली जे काळं प्लास्टिकचं झाकण येतं, ते चिखल आणि पाणी उडू नये म्हणून असतं. दगडासमोर ते कागद. पुष्कळ मालक त्यालाच गार्ड समजून निर्धास्त असतात.

मग विचारा, गाडी जाते कुठे?

हा प्रश्न विचारल्याशिवाय भाव सांगू नका, असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. कारण उत्तरावर माल बदलतो.

जो म्हणतो, "कर्जतला फार्महाऊस आहे, शेवटचा एक किलोमीटर कच्चा," त्याला फक्त पुढची इंजिन प्लेट पुरते. त्याला पूर्ण सेट विकू नका. आज चार पैसे जास्त मिळतील, पण सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी तीन प्लेट उघडायला लागल्या की तो तुमच्या नावाने बोटं मोडेल.

जो लोणावळ्याहून राजमाचीला, उधेवाडीपर्यंत गाडी नेतो, त्याचं प्रकरण वेगळं. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, काळा आणि कठीण. पावसाने माती वाहून गेली की हे दगड रस्त्यातून डोकं वर काढून बसतात. इथे मार समोरून येतो आणि पोटावरूनही. गाडी दगडावर चढते, चाक पलीकडे उतरतं आणि सगळं वजन मधल्या भागावर बसतं. याला इंजिन प्लेटबरोबर ट्रान्सफर केसची प्लेट हवीच.

तिसरा जातो अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यावर. वाळूत दगड नाही, पण खारं पाणी आहे. त्याच्यासाठी जाडीपेक्षा कोटिंग आणि बोल्टचा प्रश्न मोठा. पुढे बोलू.

चौथा कुठेच जात नाही. गाडी खारघर ते बीकेसी. त्याला प्लेट दिसायला हवी असते. अशा माणसाला नाही म्हणा असं मी म्हणणार नाही, धंदा आहे. पण हलकी प्लेट द्या. उगाच तीस किलो घेऊन तो रोज सायन-पनवेल हायवेवर डिझेल कशाला जाळेल?

व्हिडिओत राहून गेलेला मुद्दा व्हीलबेसचा. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० एमएम, पाच दरवाजांच्या जिम्नीचा २५९०, आणि थार रॉक्सचा २८५०. ग्राउंड क्लिअरन्स सारखा असला तरी दोन चाकांतलं अंतर वाढलं की उंचवट्यावर पोट आधी टेकतं. म्हणजे रॉक्सवाल्याला मधली प्लेट तीन दरवाजांच्या थारवाल्यापेक्षा जास्त गरजेची. हे वाक्य गिऱ्हाइकासमोर एकदा बोलून बघा. समोरच्याला लगेच कळतं की हा माणूस फक्त पत्रा विकणारा नाही.

आणि ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा, थारचा २२६ किंवा जिम्नीचा २१०, हा बहुतेक वेळा एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरेन्शियलखाली मोजलेला असतो. तो गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो. त्याला चॅसिसवरची प्लेट वाचवत नाही. "सर, प्लेट लावली तरी मागचा गोळा घासला" अशी तक्रार आली तर चूक प्लेटची नसते, आपण आधी सांगितलं नाही ही असते.

ऑर्डर घेताना गाडी ४x४ आहे की ४x२ तेही विचारा. जानेवारी २०२३ पासून थार मागच्या चाकांवर चालणारी पण मिळते. तिच्यात ट्रान्सफर केसच नाही. नसलेल्या वस्तूचं गार्ड विकणारे लोक आहेत बाजारात, खोटं नाही सांगत.

धातू कुठला

एक सोपा आकडा पाठ करा. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा, एक एमएम जाडीचा, ७.८५ किलो. ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा २.७ किलो. यावरून सगळं निघतं. तीन एमएमचं लोखंड चौरस मीटरला साडेतेवीस किलो, चार एमएमचं ३१.४ किलो.

"ॲल्युमिनियम हलकं, पण मऊ," असं आपण ऐकतो. अर्धं खरं आहे. पत्रा वाकायला किती विरोध करतो ते धातूवर अवलंबून असतं आणि जाडीच्या घनावर, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. ॲल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. पण घनामुळे जाडी थोडी वाढवली की ते भरून निघतं. तीन एमएम लोखंडाइतका ताठपणा साधारण सव्वाचार एमएम ॲल्युमिनियममध्ये मिळतो, आणि वजन निम्म्याच्या आत, चौरस मीटरला साडेअकरा किलो. म्हणून रॅलीवाले ॲल्युमिनियम लावतात. ते वेडे नाहीत.

मग आपण ॲल्युमिनियमच का नाही करत? तीन कारणं. एक, किंमत. दोन, दगडावर घासताना ॲल्युमिनियम दगडाला चिकटतं, खरवडलं जातं. लोखंड घसरून पुढे जातं, आणि प्लेटचं मूळ कामच घसरून पुढे जाणं आहे. तीन, ॲल्युमिनियम आणि लोखंडी चॅसिस यांच्यामध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम बोल्टच्या भोवती पांढरं पडून खाऊ लागतं. रबर किंवा नायलॉनचा वॉशर आणि चांगलं कोटिंग घातलं तर टळतं, पण ते काम मनापासून करावं लागतं. शिवाय ग्रेड बघा. बेंडिंगसाठी ५०५२ बरं. ६०६१-टी६ ताकदीला जास्त, पण कमी त्रिज्येत वाकवलं की बेंडवर चीर जाते. भंगारवाल्याकडचा कुठलाही 'ॲल्युमिनियमचा जाड पत्रा' आणून प्लेट करू नका.

माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या सुरुवातीच्या वर्कशॉपने लोखंडापासूनच सुरू करावं. हॉट रोल्ड पत्रा, ग्रेडचा कागद मागून घ्या. बिलावर नुसतं 'एमएस शीट' लिहून देतात, त्यावर समाधान मानू नका. आयएस २०६२ ई२५० म्हणजे किमान २५० मेगापास्कलपर्यंत तो कायमचा वाकत नाही. हे तुम्ही गिऱ्हाइकाला लेखी देऊ शकता, 'एकदम हेवी' हे लेखी देता येत नाही.

जाडी वाढवण्याआधी आधार वाढवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे.

तीन एमएमऐवजी चार एमएम घेतलं तर वजन आणि पैसे ३३ टक्के वाढतात, ताठपणा साधारण २.४ पट होतो. चांगला सौदा वाटतो. पण आता बघा. प्लेट पुढे आणि मागे धरलेली आहे, मध्ये ८०० एमएम मोकळं. या मोकळ्या अंतराच्या बरोबर मध्ये एक आडवा आधार दिला, म्हणजे ४००-४०० झालं, तर त्याच दगडाखाली प्लेट आठपट कमी वाकते. आठपट! आणि खर्च काय? एक ब्रॅकेट, दोन बोल्ट. इथे अंतराचा घन कामाला येतो, जसा मघाशी जाडीचा आला होता.

म्हणजे मधला आधार दिलेली तीन एमएमची प्लेट ही बिनआधाराच्या चार एमएमपेक्षा कितीतरी ताठ, आणि वजनाला पाव कमी. हेच बाजूच्या बेंडचं. सपाट पत्र्याच्या दोन्ही कडा २५-३० एमएम वर वळवल्या तर ती परातीसारखी ताठ होते. घरातली स्टीलची परात पातळ पत्र्याची असूनही कशी राहते, तसंच.

जाडीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. टोकदार दगडाने एकाच जागी खड्डा पडतो, तिथे जाडीच लागते. दर महिन्याला क्लबबरोबर दगडात जाणाऱ्याला चार एमएम द्या, पण मधल्या आधारासकट. बाकी सगळ्यांना तीन एमएम, नीट बेंड केलेली, नीट धरलेली.

प्लेट आणि चेंबर यांच्यात २०-२५ एमएम मोकळी जागा ठेवा. प्लेट थोडी तरी वाकणारच. वाकून ती चेंबरलाच टेकली तर गार्डनेच चेंबर फोडला असं होईल. आणि प्लेट कधीही चेंबरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टला धरू नका. दगडाचा धक्का सरळ ओतीव बॉडीत जातो. धरायचं चॅसिसला आणि क्रॉसमेंबरला, जिथे कंपनीची तयार भोकं आहेत तिथे.

चॅसिसला नवीन भोक नाही, वेल्डिंग तर नाहीच नाही. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो, आणि चॅसिसची ताकदही तिथेच कमी होते. भोक नसेल तर क्लॅम्प करा, यू-बोल्ट वापरा.

बोल्टवर पाच रुपये वाचवू नका. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि त्यातला किती भाग होईपर्यंत बोल्ट ताणून कायमचा लांबत नाही ते दुसरा आकडा सांगतो. ४.६ चा बोल्ट २४० ला ताणतो, ८.८ चा ६४० ला. भाव मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. एम८ आणि एम१० दोन्ही ८.८ चेच ठेवा. दुकानात ४.६ चा डबाच नको, नाहीतर घाईत पोरगा तोच लावेल.

बोल्टची डोकी प्लेटच्या खाली लोंबती नकोत. दगड आधी डोकं घासतो, मग पाना बसत नाही, आणि पुढच्या ऑइल चेंजला ग्राइंडर आणावा लागतो. डोकं आत बसेल असा खोलगट कप करा किंवा बुटक्या डोक्याचा बोल्ट घ्या. किनाऱ्यावर जाणाऱ्या गाडीला बसवताना आट्यांना ग्रीस लावा.

ब्रॅकेट मुद्दाम चॅसिसपेक्षा कमी ताकदीचं ठेवा. फार मोठा मार बसला तर वाकायला हवं ते तीनशे रुपयांचं ब्रॅकेट, चॅसिस नव्हे. सगळंच दणकट केलं की मार शेवटी सगळ्यात महाग भागाला जातो.

दोन प्लेट एकामागे एक असतील तर कौलं आठवा. छपरावर वरचं कौल खालच्यावर चढतं म्हणून पाणी आत जात नाही. इथे पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेच्या खाली यायला हवी. उलटं झालं तर पुढे जाताना दगड त्या कडेत अडकतो आणि प्लेट नांगरासारखी उघडते. आणि सगळ्यात पुढची कड वर वळवलेली हवी, होडीच्या नाळेसारखी.

गरमी, गवत आणि ऑइलचं भोक

प्लेट म्हणजे हवा अडवणारं झाकण. म्हणून तिला जाळ्या कापतात. त्या कापताना तोंड मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा जाते पण दगड-काटक्या आत शिरत नाहीत. जाळ्या हव्या तेवढ्याच ठेवा. लेझर कटिंगवाला लांबी आणि भोकं मोजून पैसे घेतो. फोटोत छान दिसतं म्हणून शंभर भोकांची नक्षी करू नका, प्रत्येक भोकाचे पैसे तुमच्या नफ्यातून जातात.

गवताची गोष्ट गंभीर आहे. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या पुढे, पठारांवरचं गवत कमरेएवढं वाढून वाळतं. गाडी त्यातून गेली की गवत प्लेटच्या वर, सायलेन्सरच्या भोवती साचतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर साफ करणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करताना आत साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो. वाळलेलं गवत तिथे टेकलं तर पेटायला काडीची गरज नाही. म्हणून सायलेन्सर आणि फिल्टरच्या खाली बंद प्लेट देऊ नका, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ छापून द्या: गवतातून आल्यावर गाडी थंड झाल्यावर खाली बघा, गवत काढा. चिखलाचंही तसंच. साचलेला चिखल वजन वाढवतो आणि ओल धरून ठेवतो.

ऑइल बदलायला प्लेटला भोक ठेवा, पण नुसतं बोल्टच्या मापाचं नको. गरम ऑइल धार धरून पडतं, थोडं मागे उडतं. भोक लहान असेल तर अर्धं ऑइल प्लेटवर सांडतं, आणि पुढचे दोन आठवडे ते टपकत राहतं. गिऱ्हाइकाला वाटतं चेंबरच गळतोय. मग तो घाबरून सर्व्हिस सेंटरला जातो, आणि तिथला मेकॅनिक काय सल्ला देणार? "आधी ही प्लेट काढून टाका साहेब." तळहाताएवढं भोक ठेवा, फिल्टर पण तिथूनच निघेल असं बघा.

आता पत्र्याचा हिशोब

आपल्याकडच्या नव्या उद्योजकांचा नफा इथेच गळतो, चेंबरसारखा.

समजा इंजिन प्लेटचं न वाकवलेलं माप ८०० x ७०० एमएम आहे. चार एमएममध्ये तिचं वजन होतं साधारण १७.६ किलो. भाव समजा ६० रुपये किलो धरला, तुमच्या दिवसाचा खरा भाव मार्केटमध्ये फोन करून घ्या. तर पत्र्याचा खर्च १०५६ रुपये. बहुतेक जण कोटेशनमध्ये हाच आकडा लिहितात.

पण पत्रा किलोने नाही, शीटने कापला जातो. १२५० x २५०० ची शीट घ्या. तिचं वजन ९८ किलो. तिच्यात ८०० x ७०० चे तुकडे बसवून बघा. आडवे लावा, उभे लावा, तीनच निघतात! म्हणजे प्रत्येक प्लेटच्या वाट्याला जवळपास ३२.७ किलो, १९६२ रुपये. प्लेटमागे ९०० रुपयांचा फरक. भंगार विकून निम्मे परत येतील, तरी साडेचारशे गेले. दहा प्लेटचे साडेचार हजार. मजुरी सुटली असं वाटतं आणि महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा.

उपाय पत्र्यातच आहे. शीटच्या १२५० पैकी ७०० इंजिन प्लेटला गेले, बाजूला ५५० ची पूर्ण लांबीची पट्टी उरते. ट्रान्सफर केसची प्लेट ५३० x ६०० मध्ये बसेल अशी डिझाइन केली तर त्या पट्टीतून चार निघतात. तीन प्लेट तीन सेटला, चौथ्या तुकड्यात ब्रॅकेट. आता त्याच ९८ किलोत तीन पूर्ण सेट झाले. सेटला पत्रा तोच १९६२ रुपयांचा, पण विकताय दोन प्लेट आणि ब्रॅकेट. म्हणून मी म्हणतो, डिझाइन करताना एका हातात गाडीचं माप आणि दुसऱ्या हातात शीटचं माप ठेवा. दुसरा मार्ग असा की गाडी परवानगी देत असेल तर इंजिन प्लेटच ६२० रुंदीची करा. मग एका शीटमध्ये तीनाऐवजी सहा बसतात.

बाकी खर्चात कटिंग, बेंडिंगचे प्रत्येक बेंडचे पैसे, पावडर कोटिंग (ते दोन्ही बाजूंचं चौरस फुटाने, आपल्या सेटला जवळपास १९ चौरस फूट), बोल्ट, रबर, टेम्पो आणि बसवण्याचा वेळ. बसवण्याचा वेळ फुकट धरू नका. रॅम्पवर एक गाडी दोन तास उभी असते तेव्हा दुसरं काम थांबलेलं असतं.

कटिंग किंवा कोटिंग बाहेर करून घेत असाल तर माल डिलिव्हरी चलनवर पाठवा आणि परत आल्याची नोंद ठेवा. जॉबवर्कला दिलेला माल जीएसटी कायद्याप्रमाणे एका वर्षात परत यायला हवा. आणि जुनं कोटेशन कॉपी-पेस्ट करू नका. वाहनांच्या सुट्या भागांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. काही लोकांच्या एक्सेल शीटमध्ये अजून २८ बसलेला दिसतो, आणि मग ते म्हणतात गिऱ्हाईक भाव ऐकून पळतं.

कायद्याचं थोडक्यात

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून पुढचे बुल बार आणि क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. पोटाखालची प्लेट आणि बंपरपुढचा लोखंडी पाइप या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करून विकू नका. पुढच्या भागात एअरबॅगचे सेन्सर असतात, धक्का पचवणारे भाग असतात. तुमची प्लेट त्यांना लागू नये. बिलावर मॉडेल, जाडी, वजन, ग्रेड सगळं लिहा, आणि मालकाला विमा कंपनीला कळवायला सांगा.

मोनोकॉक गाड्या, म्हणजे ज्यांना वेगळी चॅसिसच नाही, त्यांच्याकडे सुरुवातीला वळूच नका. तिथे प्लेट धरायला जागा कमी, आणि टक्कर झाल्यावर पुढचा भाग कसा चुरगळायचा याचं गणित कंपनीने घातलेलं असतं. त्यात आपला चार एमएम नको.

सुरुवात कशी

दोन मॉडेल निवडा, जास्त नाही. पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक यांचं पोट वेगळं असतं, म्हणजे दोन मॉडेलचे सहज पाच-सहा प्रकार होतात. ओळखीच्या माणसाची गाडी रॅम्पवर घ्या, खोक्याचा पुठ्ठा कापून टेम्पलेट करा, मग स्वस्त १.६ एमएम पत्र्यात एक नमुना वाकवून गाडीला लावून बघा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, गाडी जॅकवरून खाली सोडून परत बघा, इंजिन चालू करून हलतंय का, काही घासतंय का ते ऐका. हे सगळं जमल्यावरच लेझरवाल्याला ड्रॉइंग द्या. दहा सेटचा साठा करू नका. तीन सेट, म्हणजे एक शीट. संपले की पुढची.

बसवून दिल्यावर बिलावर शिक्का मारा: पहिल्या ५०० किलोमीटरनंतर किंवा पहिल्या ट्रिपनंतर बोल्ट परत आवळून मिळतील, मोफत. नवीन कोटिंग दबतं, रबर बसतं, त्यामुळे बोल्ट थोडे सैल होतातच. टॉर्क रेंच घ्या. एम८ ला साधारण २५ न्यूटन मीटर, एम१० ला ५०. त्या पंधरा मिनिटांत प्लेट कुठे घासली, कुठला कोपरा वाकला, आत काय साचलं ते तुम्हाला फुकटात कळतं. फोटो काढा, गाडीचा प्रकार आणि गेलेली जागा लिहून फोल्डरमध्ये ठेवा. पुढची शीट कापायच्या आधी तो फोल्डर उघडा.

पुढच्या व्हिडिओत पुठ्ठ्यावरून ड्रॉइंग कसं काढायचं आणि बेंडची वजावट कशी धरायची ते करून दाखवणार आहे. येताना एक जुनं खोकं आणि स्टीलची पट्टी घेऊन बसा.